ख्रिस मॅथ्यूजचे चार झेल

एनएफएल या अमेरिकन फुटबॉल लीगचा २०१४ चा नियमित हंगाम संपला तेव्हा सिअ‍ॅटल सीहॉक्सच्या ख्रिस मॅथ्यूजच्या नावावर एकही झेल नव्हता. झेल घेणं हेच ज्याचं काम, ज्याचा पगारच त्यासाठी, अशा माणसाची ही गोष्ट. १ फेब्रुवारी २०१५ रोजी ॲरिझोनातल्या ग्लेंडेलमध्ये तो सुपर बोल, म्हणजे लीगचा अंतिम सामना, खेळायला उतरला. अमेरिकेत सरासरी ११ कोटी ४४ लाख लोक तो सामना टीव्हीवर पाहत होते आणि त्यांतल्या बहुतेकांनी त्याचं नाव ऐकलेलं नव्हतं. त्या संध्याकाळी त्याने चार झेल घेतले, १०९ यार्ड मिळवले, एक टचडाउन केला. समोरच्या न्यू इंग्लंड पॅट्रियट्सचा जुलियन एडलमन नावाजलेला रिसीव्हर. त्याचेही यार्ड १०९ च भरले, पण त्यासाठी त्याला नऊ झेल लागले.

सिअ‍ॅटल तो सामना २४-२८ असा हरलं. मॅथ्यूज चांगला खेळला म्हणून हरलं, असं कुणी म्हणालं तर ती अतिशयोक्ती ठरेल, पण पार बिनबुडाची म्हणता येणार नाही. ती कशी, हे कळायला आधी हा खेळ थोडा समजून घ्यावा लागेल.

अमेरिकन फुटबॉलमध्ये पायाचं काम कमी, हातांचं जास्त. मैदान १०० यार्ड लांब, दोन्ही टोकांना दहा-दहा यार्डांचे एंड झोन, रुंदी त्रेपन्न यार्डांच्या थोडी वर. दोन्ही बाजूंनी अकरा-अकरा जण. चेंडू ज्यांच्याकडे असेल त्यांनी चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचं. सरकले की पुन्हा चार प्रयत्न मिळतात, नाही सरकले तर चेंडू दुसऱ्यांचा. सरकायचे मार्ग दोन: चेंडू पोटाशी धरून गर्दीतून घुसायचं किंवा क्वार्टरबॅकने तो हवेतून फेकायचा. असे सरकत चेंडू एंड झोनमध्ये नेला की टचडाउन, म्हणजे सहा गुण, शिवाय जादा गुणाची एक संधी. क्वार्टरबॅक सोडला तर फेकलेला चेंडू झेलायची मुभा अकरापैकी पाचच जणांना असते. त्यांतले जे गर्दीपासून फटकून, पार कडेला उभे राहतात ते वाइड रिसीव्हर.

टीव्हीवर आपल्याला दिसतो तो झेल. त्याआधीचे तीन सेकंद दिसत नाहीत, कारण कॅमेरा क्वार्टरबॅकवर असतो. रिसीव्हरची खरी कारागिरी त्या तीन सेकंदांत असते. समोर बचावातला कॉर्नरबॅक उभा असतो. एनएफएलच्या नियमाप्रमाणे पहिल्या पाच यार्डांत तो रिसीव्हरला हाताने ढकलू शकतो, अडवू शकतो. त्यापुढे हात लावला तर दंड. त्यामुळे चेंडू हलताक्षणी त्या हातांतून सुटणं हे पहिलं काम. मग ठरलेला मार्ग, ज्याला रूट म्हणतात. अमुक पावलं सरळ, मग आत तिरपं वळण. किंवा बारा यार्ड पळून गर्रकन मागे फिरणं. किंवा काहीही न करता सरळ सुसाट. वळण कुठे घ्यायचं हे पावलं मोजून ठरलेलं असतं, कारण क्वार्टरबॅक पुष्कळदा रिसीव्हर वळायच्या आधीच चेंडू सोडतो. तो माणसाकडे फेकत नाही, माणूस जिथे पोचायला हवा त्या जागेकडे फेकतो. वर आणखी एक भानगड असते. काही रूट बचावाची मांडणी पाहून पळता पळता बदलायचे असतात. क्वार्टरबॅकने ती मांडणी एक वाचली आणि रिसीव्हरने दुसरी, की चेंडू मोकळ्या गवतावर पडतो किंवा थेट शत्रूच्या हातात. नवा पोरगा कितीही वेगवान असला तरी त्याला लवकर मैदानात सोडत नाहीत, ते यामुळे. त्याच्या पायांवर सगळ्यांचा भरवसा असतो, डोळ्यांवर नसतो.

उंच फेकलेल्या चेंडूखाली आणखी एक कसब लागतं. कॉर्नरबॅकची पाठ बहुतेक वेळा चेंडूकडे असते. तो रिसीव्हरचे डोळे आणि हात पाहून अंदाज बांधतो. डोळे मोठे झाले, हात वर गेले, की तोही उडी मारतो. म्हणून मुरलेले रिसीव्हर चेहरा कोरा ठेवतात आणि हात अगदी शेवटच्या क्षणी वर करतात. शिवाय चेंडू छातीशी यायची वाट पाहायची नाही, उडीच्या सर्वांत उंच बिंदूवर तो काढून घ्यायचा. आणि हे सगळं करून झाल्यावर दोन्ही पाय रेषेच्या आत टेकले पाहिजेत. कॉलेजच्या सामन्यांत एक पाय पुरतो, एनएफएलमध्ये दोन्ही लागतात. पूर्वी काही जण हातांना स्टिकम नावाचा चिकट लेप चोपडून खेळायचे. १९८१ मध्ये त्याच्यावर बंदी आली.

मॅथ्यूजला निसर्गाने दिलेली गोष्ट म्हणजे उंची: सहा फूट पाच इंच. लॉस एंजेलिसच्या डॉर्सी हायस्कूलमध्ये शिकला, मग एलए हार्बर या दोन वर्षांच्या कॉलेजात, तिथून केंटकी विद्यापीठात. केंटकीत २०१० च्या हंगामात त्याने ६१ झेल घेत ९२५ यार्ड मिळवले आणि नऊ टचडाउन केले. त्याच संघात दुसऱ्या बाजूला रँडल कॉब खेळत होता, पाच फूट दहा इंचांचा, चपळ, कुठेही उभा केला तरी चालणारा. २०११ च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघ आळीपाळीने नवे खेळाडू निवडतात तेव्हा, कॉबला ग्रीन बे पॅकर्सने दुसऱ्या फेरीत उचललं. त्या वर्षी सात फेऱ्यांत २५४ खेळाडूंची नावं पुकारली गेली. मॅथ्यूजचं त्यांत नव्हतं.

ड्राफ्टमध्ये न निवडलेल्यांना एरवी त्याच रात्री संघांचे फोन येतात. पण २०११ मध्ये मालक आणि खेळाडू संघटना यांच्यातल्या वादामुळे लीगला टाळं लागलं होतं. मार्च ते जुलैअखेर कुठल्याही संघाला खेळाडूशी बोलणीसुद्धा करता येत नव्हती. निवडलेल्यांचं ठिकाण तरी पक्कं होतं. न निवडलेले तीन महिने हवेत लटकले. टाळं उघडलं तेव्हा सराव शिबिरं तोंडावर आलेली. मॅथ्यूज क्लीव्हलँड ब्राउन्सकडे गेला आणि लवकरच परत आला. या मंडळींचे करार कागदावर दोन-तीन वर्षांचे दिसतात. खरा कालावधी प्रशिक्षकाची मर्जी असेपर्यंत. संघाने सोडलं की पुढचा पगार बंद. छताखाली, निम्म्या लांबीच्या मैदानावर खेळल्या जाणाऱ्या अरीना फुटबॉलमध्येही त्याचं नाव लागलं होतं. पण त्याला हात दिला तो कॅनडाने.

कॅनडाचा फुटबॉल अमेरिकेच्या खेळाचा सख्खा भाऊ, पण स्वभाव वेगळा. मैदान ११० यार्ड लांब आणि ६५ यार्ड रुंद, एंड झोन वीस यार्ड खोल, बाजूला अकराऐवजी बारा जण, आणि दहा यार्डांसाठी प्रयत्न चारऐवजी तीनच. प्रयत्न कमी म्हणून घुसाघुशीपेक्षा फेकाफेक जास्त. रिसीव्हरसाठी तर तिथे वेगळंच सुख आहे. एनएफएलमध्ये चेंडू हलेपर्यंत रिसीव्हरला पुढे सरकता येत नाही. कॅनडात तो मागून धावत येऊन, चेंडू हलायच्या क्षणी पूर्ण वेगात रेषेवर पोचू शकतो. समोरच्या कॉर्नरबॅकला जागच्या जागी उभं राहून त्या वेगाला तोंड द्यावं लागतं. उंच, लांब ढांगांच्या माणसाला पहिली चार पावलं जड जातात, वेग नंतर चढतो. त्याला हा नियम फारच मानवणारा.

२०१२ मध्ये विनिपेग ब्लू बॉम्बर्सकडून मॅथ्यूजने ८१ झेल घेत १,१९२ यार्ड मिळवले, सात टचडाउन केले. संघाने अठरापैकी सहाच सामने जिंकले, पण सीएफएल या कॅनडाच्या लीगचा त्या वर्षीचा सर्वोत्तम नवोदित खेळाडू तोच ठरला. पुढच्या हंगामात पायाच्या दुखापतीने बराच काळ त्याला बाहेर बसवलं. कॅनडातला पगार एनएफएलच्या मानाने अगदीच बेताचा, आणि हंगाम नोव्हेंबरात संपतो. उरलेले महिने काढायला बहुतेक जण काही ना काही कामधंदा करतात. मॅथ्यूज घरी परतून फूट लॉकर या बुटांच्या दुकानात नोकरीला लागला. सिक्युरिटी गार्डच्या कामासाठीही त्याचे प्रयत्न चालू होते.

सिअ‍ॅटलचा निरोप आला तो या काळात. सीहॉक्स तेव्हा नुकतेच जगज्जेते झालेले. डेन्व्हरला ४३-८ असं चिरडून त्यांनी सुपर बोल जिंकला होता. चाचणीला ये, असं कळल्यावर मॅथ्यूजला पहिली काळजी पडली ती दुकानातल्या ड्युटीची. हे त्यानेच पुढे पत्रकारांना सांगितलं. एजंटने त्याला बरंच झापलं तेव्हा कुठे तो विमानात बसला. लोकांना ही गोष्ट गमतीची वाटते. मला ती समंजसपणाची वाटते. तीन वर्षांत एका संघाने घालवून दिलेला, पायाच्या दुखापतीतून उठलेला माणूस. त्याच्या दृष्टीने दुकानाचा पगार खरा होता आणि चाचणी ही पुन्हा एकदा चाचणीच होती.

फेब्रुवारी २०१४ मध्ये सीहॉक्सने त्याला करारबद्ध केलं. उन्हाळ्याच्या शिबिरात संघाकडे नव्वद माणसं असतात आणि हंगामाआधी त्यांतली त्रेपन्न ठेवायची असतात. मॅथ्यूज त्या त्रेपन्नात बसला नाही. त्याला प्रॅक्टिस स्क्वाडवर घेतलं, त्या वर्षी प्रत्येक संघाला दहा माणसांचं ते पथक ठेवता येत होतं. आठवड्याला किमान ६,३०० डॉलर मिळायचे. त्रेपन्नातल्या सर्वांत नवख्याचाही किमान वार्षिक पगार ४ लाख २० हजार डॉलर होता. प्रॅक्टिस स्क्वाडचं काम म्हणजे आठवडाभर पुढच्या प्रतिस्पर्ध्याची नक्कल करायची. ते लोक जसे पळतात तसं पळायचं, ज्या चाली खेळतात त्या खेळायच्या, म्हणजे आपल्या बचावफळीला सराव होतो. रविवारी बाकीचे खेळतात, हे पाहतात. या पथकातलाच एक माणूस, तोही समोरच्या संघातला, पुढे आपल्या गोष्टीत यायचा आहे.

डिसेंबरात मॅथ्यूजला वर घेतलं. खेळायला मिळालं ते मुख्यतः स्पेशल टीम्समध्ये, म्हणजे लाथेने चेंडू मारला जातो त्या वेळच्या धावपळीत. चौथ्या-पाचव्या क्रमांकाच्या रिसीव्हरला याच कामावर आपली जागा टिकवावी लागते. जानेवारीत प्लेऑफच्या, म्हणजे नियमित हंगामानंतरच्या बाद फेरीच्या, पहिल्याच सामन्यात सिअ‍ॅटलचा नवा रिसीव्हर पॉल रिचर्डसन गुडघा दुखावून बाहेर गेला आणि रांग एका माणसाने पुढे सरकली.

१८ जानेवारीला सिअ‍ॅटलमध्ये उपांत्य सामना. समोर ग्रीन बे पॅकर्स, म्हणजे मॅथ्यूजचा केंटकीचा जोडीदार कॉब. यजमानांचा क्वार्टरबॅक रसेल विल्सन त्या दिवशी असा खेळला की त्याचे चार पास समोरच्यांनी पळवले. मध्यंतराला पॅकर्स १६-० पुढे. तिसऱ्या क्वार्टरमध्ये सिअ‍ॅटलने फील्ड गोलचं, म्हणजे चेंडू लाथेने खांबांमधून मारायचं, सोंग केलं आणि चेंडू धरून ठेवणाऱ्या जॉन रायनने उठून तो सरळ एका लाइनमनकडे टचडाउनसाठी फेकला. हा रायन कॅनडाचाच, आणि तोही पूर्वी विनिपेगकडूनच खेळलेला. तरीही सामना संपायला दोन मिनिटं उरली असताना धावफलक १९-१४, सिअ‍ॅटल मागेच.

अशा वेळी एकच उपाय उरतो: ऑनसाइड किक. गुण मिळवल्यावर चेंडू लाथेने दुसऱ्या संघाकडे द्यावा लागतो. पण तो दहा यार्ड गेला की कुणीही उचलू शकतं. म्हणून मुद्दाम हलकी, उसळणारी लाथ मारायची आणि आपल्याच माणसांनी झडप घालायची. यश क्वचित मिळतं. समोरच्यांना ठाऊक असतं, ते आपली हात भक्कम असलेली माणसं पुढे उभी करतात. पॅकर्सच्या ब्रँडन बॉस्टिकचं काम झेल घेणं नव्हतंच. त्याने पुढच्या माणसाला अडवायचं आणि मागे उभ्या जॉर्डी नेल्सनने चेंडू घ्यायचा, असं ठरलेलं. स्टीव्हन हाउशकाची लाथ बसली, चेंडू उंच उडाला, थेट बॉस्टिककडे आला, आणि बॉस्टिकने उडी मारली. चेंडू त्याच्या हातांतून निसटून हेल्मेटवर आदळला, वर गेला आणि खाली आला तो मॅथ्यूजच्या हातांत.

आकडेवारीत याला झेल म्हणत नाहीत. पण मॅथ्यूजच्या कारकिर्दीतला सर्वांत मोलाचा चेंडू तोच. पाठोपाठ मार्शॉन लिंचने टचडाउन केला, पॅकर्सने बरोबरी साधली, आणि जादा वेळेत विल्सनच्या ३५ यार्डांच्या पासवर जर्मेन कर्सने सामना २८-२२ असा संपवला. बॉस्टिकला जिवे मारण्याच्या धमक्या आल्या आणि महिनाभरात पॅकर्सने त्याला सोडलं. एकाच चेंडूने दोघा अनोळखी खेळाडूंना देशभर ओळख दिली. मॅथ्यूजच्या वाट्याला त्यातली बरी बाजू आली.

दोन आठवड्यांनी सुपर बोल. दुसरा क्वार्टर निम्मा सरला तरी सिअ‍ॅटलची फेक बसत नव्हती. विल्सनचा पहिला यशस्वी पास झाला तोच क्वार्टर संपायला साडेपाच मिनिटं उरली तेव्हा. क्वार्टरबॅक ब्रेडीच्या पॅट्रियट्सकडे सात गुण, यांच्याकडे शून्य. मग विल्सनने लांब फेक केली. चेंडू वर बराच वेळ रेंगाळला, आणि खाली मॅथ्यूजवर काइल ॲरिंग्टन होता, पाच फूट दहा इंचांचा. ॲरिंग्टनचं फारसं काही चुकलं नव्हतं. तो जवळ होता, अंगाला चिकटून होता. मॅथ्यूजने पळता पळता चेंडूवर नजर ठेवली, शेवटच्या क्षणी उडी घेतली आणि ॲरिंग्टनच्या डोक्यावरून तो काढून घेतला. सात इंचांचा फरक मेहनतीने भरून निघत नाही. ४४ यार्ड, म्हणजे क्रिकेटच्या दोन खेळपट्ट्या. एनएफएलमधला त्याचा हा पहिला झेल. त्यातूनच लिंचचा टचडाउन आला आणि बरोबरी झाली.

पॅट्रियट्सनी पुन्हा आघाडी घेतली तेव्हा मध्यंतराला ३१ सेकंद होते. सिअ‍ॅटल ६९ यार्ड धावत, फेकत आलं; ॲरिंग्टनने वाटेत एकाची हेल्मेटची जाळी धरली, त्याचा दंडही मिळाला. अकरा यार्डांवर सहा सेकंद उरले. शहाणपण सांगत होतं की फील्ड गोल मारून तीन गुण घ्यावेत. प्रशिक्षक पीट कॅरलने जुगार खेळला. चेंडू कडेला, मॅथ्यूजकडे. टचडाउन. घड्याळात दोन सेकंद, धावफलकावर १४-१४. तिसऱ्या क्वार्टरच्या सुरुवातीला आणखी एक, ४५ यार्डांचा. त्यावर सिअ‍ॅटलने पहिल्यांदा आघाडी घेतली. पुढे ती २४-१४ पर्यंत वाढली.

इथे पॅट्रियट्सचे प्रशिक्षक बिल बेलिचिक यांनी फेरबदल केले. ॲरिंग्टनला बसवलं. मॅथ्यूजवर ब्रँडन ब्राउनरला लावलं, सहा फूट चार इंचांचा, दांडगा कॉर्नरबॅक. ब्राउनर त्याआधी तीन हंगाम सिअ‍ॅटलमध्येच होता, आणि त्याआधी कितीतरी वर्षं कॅनडात, कॅल्गरीच्या संघात. ड्राफ्टमध्ये न निवडलेला, मॅथ्यूजच्याच वाटेने आलेला. त्या क्षणापासून मॅथ्यूजचा झेल नाही. पण ब्राउनर इकडे आल्यावर बचावात एक जागा रिकामी झाली. ती भरायला बाकावरून माल्कम बटलर आला.

बटलरही ड्राफ्टमधून न आलेला. वेस्ट अलाबामा या लहानशा विद्यापीठाचा, मधल्या काळात पोपाइज या चिकन विकणाऱ्या दुकानात काम केलेला, आणि पॅट्रियट्सकडे आला तोही केवळ चाचणीपुरता. सामन्याच्या सुरुवातीला तो खेळणाऱ्यांत नव्हता. बुटांच्या दुकानातून आलेल्याने इतका धुमाकूळ घातला की चिकनच्या दुकानातून आलेल्याला मैदानात उतरवावं लागलं.

पुढचं अनेकांना माहीत आहे. ब्रेडीने शेवटच्या क्वार्टरमध्ये दोन टचडाउन करून २८-२४ केले. विल्सनने लांब पास टाकला. बटलरने तो उडवला, पण चेंडू पाठीवर पडलेल्या कर्सच्या पायांवर उसळत राहिला आणि त्याने तो आडवा पडूनच धरला. पाच यार्ड उरले. लिंच धावून चार यार्ड गेला. एक यार्ड, दुसरा प्रयत्न, आणि लिंचसारखा घुसणारा गडी हाताशी. सिअ‍ॅटलने पास खेळायचं ठरवलं. अमेरिकेत त्या निर्णयावर अजून वाद घालतात. मी त्यात पडत नाही, कारण निर्णयापेक्षा चाल जास्त बोलकी आहे. कर्स पुढे, त्याच्या मागे रिकार्डो लॉकेट. कर्सने समोरच्यांची वाट अडवायची, मागून लॉकेटने तिरपं आत शिरायचं. कर्ससमोर ब्राउनर होता. तो जागचा हललाच नाही. वाट मोकळी राहिली आणि बटलर त्यातून सुटला, लॉकेटच्या आधी चेंडूवर पोचला. वीस सेकंद शिल्लक असतानाच सामना संपल्यात जमा झाला.

बटलरला ती चाल ओळखीची कशी? त्या आठवड्याच्या सरावात पॅट्रियट्सच्या प्रॅक्टिस स्क्वाडने सिअ‍ॅटलची नक्कल करताना नेमकी तीच खेळली होती. लॉकेटच्या जागी जॉश बॉइस नावाचा रिसीव्हर पळाला आणि त्याने बटलरला चकवून टचडाउन केला. बटलरला प्रशिक्षकांकडून समज मिळाली: ही चाल आली तर तू तिथे असलंच पाहिजे. बॉइस सुपर बोलमध्ये खेळला नाही. त्याचं नाव त्या सामन्याच्या तक्त्यात शोधून सापडणार नाही. मला विचाराल तर त्या सामन्यातल्या रिसीव्हरांची यादी त्याच्याशिवाय अपुरी आहे.

हरलेल्या संघातल्या प्रत्येकाला ४९,००० डॉलर मिळाले. मॅथ्यूजचे १०९ यार्ड मात्र त्याच्या कारकिर्दीच्या नेहमीच्या हिशेबात धरले जात नाहीत. एनएफएल प्लेऑफचे आकडे वेगळे ठेवते. त्याच वर्षी सिअ‍ॅटलने जिमी ग्रॅहमला आणलं, सहा फूट सात इंचांचा नावाजलेला टाइट एंड. ड्राफ्टमधून टायलर लॉकेट घेतला. उंच माणूसही आला, चपळही आला. मॅथ्यूजसाठी फार फेका उरल्या नाहीत आणि नोव्हेंबर २०१५ मध्ये त्याला सोडलं. बॉल्टिमोर रेव्हन्सकडे दुखापतींनी रिसीव्हरांचा दुष्काळ होता, त्यांनी घेतला. तिथल्या कपडे बदलायच्या खोलीत काइल ॲरिंग्टन बसलेला होता. त्यालाही पॅट्रियट्सनी मे महिन्यातच काढलं होतं.

बाकीच्यांचंही फार बरं झालं असं नाही. रिकार्डो लॉकेटला त्याच नोव्हेंबरात डॅलसमध्ये एका किकवर धावताना मानेला जबर मार बसला. शस्त्रक्रिया झाली, खेळ संपला. बटलर तारा झाला खरा, पण तीन वर्षांनी दुसऱ्या एका सुपर बोलमध्ये बेलिचिक यांनी त्याला बचावात एकदाही उतरवलं नाही आणि का ते सांगितलंही नाही. ऑनसाइड किकचे नियमही २०१८ मध्ये बदलले: लाथ मारणाऱ्याखेरीज बाकीच्यांना मागून धावत येता येईना, आणि ती किक साधण्याचं प्रमाण आणखी खाली गेलं. आज मॅथ्यूजला त्या चेंडूखाली वेळेत पोचणं जास्त अवघड गेलं असतं.

बॉल्टिमोरमध्ये दुखापतींनी त्याला पुन्हा गाठलं. २०१८ मध्ये तो कॅनडात परतला, ब्राउनरच्या जुन्या संघाकडे, कॅल्गरी स्टँपीडर्सकडे. त्या नोव्हेंबरात एडमंटनमध्ये ऑटावाला २७-१६ हरवून कॅल्गरीने ग्रे कप जिंकला; सीएफएलचा हा सर्वोच्च चषक. पुढच्या वर्षी तो जुन्या घरी, विनिपेगला गेला. विनिपेगने १९९० नंतर ग्रे कप जिंकलेला नव्हता. हंगाम संपायच्या आतच त्यांनी मॅथ्यूजला सोडलं, तो माँट्रियलकडे गेला, आणि नोव्हेंबर २०१९ मध्ये विनिपेगने तो चषक जिंकला.